पुराच्या दिवसांत घरून काम करताय? या चुका टाळा

मी २०२० च्या लॉकडाऊनपासून सांगलीत, विश्रामबागेतल्या घरातून काम करते. २०२१ चा पूरही घरून काम करतच काढला. दर पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की ओळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, आणि चुका दरवर्षी त्याच असतात.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे ऑफिसला काही न सांगणं.

माझ्या भाच्याचं घर सांगलीतच, नदीजवळच्या गावभागात. २०२१ च्या जुलैमध्ये पाण्याने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली, तसा तो बायको, लेकरू आणि दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आला. घरात एकूण नऊ माणसं. नोकरी नवी, कंपनी पुण्याची. त्याच्या साहेबांच्या खिडकीबाहेर साधा पाऊस पडत होता. त्यांनी फोनवर विचारलं, "तिकडं सगळं ठीक ना?" हा म्हणाला, "हो सर, करतो मॅनेज." आदल्या रात्री त्याने फ्रीज माळ्यावर चढवला होता आणि डोळ्याला डोळा लागला नव्हता. तशा अवस्थेत तो पुरवठादारांची बिलं भरायला बसला आणि एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. ते परत मिळवायला आठ दिवस लागले. साहेब रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "अरे, आधी बोलला असतास तर ते काम दुसऱ्याकडे दिलं असतं." त्या वाक्यानंतर पोरगं माझ्यासमोर ढसाढसा रडलं.

नव्या पोरांना वाटतं, अडचण सांगितली की आपण कच्चे ठरतो. मला हे अजिबात पटत नाही. अडचण लपवून केलेलं चुकीचं काम शेवटी दुसऱ्यालाच निस्तरावं लागतं. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की मी त्याच संध्याकाळी मेसेज टाकते : "आमच्याकडे पूर येतोय. घरात पाहुणे आहेत, लाईट जाते. उद्या ११ ते १ आणि ४ ते ६ मी नक्की कामावर असेन. पैशाचं काम दोन दिवस दुसऱ्या कुणाला द्या." कामाची वेळ आणि कोणतं काम जमणार नाही, हे दोन्ही त्यात असलंच पाहिजे. नुसतं "जरा प्रॉब्लेम आहे" लिहिलं तर समोरच्याला काही कळत नाही.

दुसरी चूक मोबाईलची. भाच्याच्या लॅपटॉपशेजारी मोबाईल उघडाच असायचा. पाच मिनिटं झाली की आयर्विनला किती, कोयनेतून किती सोडलं, वारणेचं काय. नदी इंचाइंचाने चढते, पण ग्रुपवर तोच आकडा दहा जणांकडून येतो आणि दहा वेळा काळजात धस्स होतं. त्यात कुणीतरी २०१९ चे व्हिडिओ आजचे म्हणून टाकतं. तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांचे हातपाय गळतातच.

तेव्हापासून आमच्या घरात आकडा बघायचं काम एकाच माणसाकडे, माझ्या सासऱ्यांकडे असतं. सकाळी ८, दुपारी १ आणि रात्री ८ वाजता ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने पातळी लिहितात. ज्याला बघायचंय त्याने उठून तिथे जायचं. काम चालू असताना माझा मोबाईल स्वयंपाकघरातल्या फडताळात, पण रिंग मोठी ठेवून. घर सोडायची वेळ आली तर फोन येतोच.

लाईटचंही तेच. इन्व्हर्टर असतो, पण वायफायचं राउटर त्याला जोडलेलंच नसतं! पावसाळ्याआधी घरातलं मेन बंद करून पाहा, काय चालू राहतं ते. भागातलीच लाईट गेली तर राउटर चालू असूनही नेट जाऊ शकतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा. आणि लाईट नसताना इन्व्हर्टरवर मिक्सर लावू नका.

गादीवर लोडाला टेकून काम करू नका. पाठ जाते आणि रात्री त्याच गादीवर झोपही येत नाही. साधी खुर्ची आणि जेवणाचं टेबल पुरतं.

चहावर दिवस ढकलू नका, जेवायला सगळ्यांबरोबर बसा.

सकाळी लवकर उठायचं ॲप, कामाचं ॲप, मन शांत करायचं ॲप हे सगळं पुराच्या आठवड्यात डाउनलोड करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आत्ता नको. आधी झोप भरून काढा. पहिल्याच दिवशी आठ तास रेटायचा हट्टही नको. मी अशा दिवसांत चार तास धरते आणि ते नीट करते.

पाणी ओसरल्यावरही दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर "होईल बरं" म्हणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं. आमच्या कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी तो पेनाने लिहून ठेवलाय.