चेहऱ्याचं घरगुती उटणं: कोरडं साठवा, ओलं लगेच वापरा

दिवाळीत विकत मिळणारं उटणं अंगाला लावण्यासाठी असतं. त्यात वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी यांचे बारीक तंतू आणि बरेचदा वरून घातलेला सुगंध असतो, म्हणून ते चेहऱ्यावर टोचतं आणि काहींना आगही होते. चेहऱ्यासाठी वेगळं आणि साधं उटणं करावं. स्वयंपाकघरातल्या डाळी पुरतात, खर्च अगदी थोडा येतो.

साहित्य: मसूर डाळ १ वाटी, हरभरा डाळ अर्धी वाटी, तांदूळ २ चहाचे चमचे, आंबेहळदीची पूड १ चहाचा चमचा. आंबेहळद नसेल तर घरातली हळद पाव चमचाच घ्या. जास्त घातली तर कपाळ आणि केसांची कड पिवळी दिसते. सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, त्यामुळे हळकुंड घरी दळलेलं उत्तम.

डाळी आणि तांदूळ धुवून, निथळून कापडावर पसरा आणि कडकडीत उन्हात पूर्ण वाळवा. दाणा दातांखाली कटकन फुटला पाहिजे. ओल राहिली तर पिठात गोळे होतात, बुरशी धरते. पावसाळ्यात हे धुणं-वाळवणं टाळा. डाळ स्वच्छ कोरड्या कापडाने पुसून मंद आचेवर नुसती कोमट करा, गार झाली की दळा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर पीठ तापून भांड्याला चिकटतं.

खरं काम चाळण्यात आहे. आधी मैद्याच्या चाळणीने चाळा, मग मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ करा. बोटांत चोळल्यावर एकही कण जाणवता कामा नये. चेहऱ्याची त्वचा पातळ असते. खरखरीत कणांनी तिच्यावर बारीक ओरखडे पडतात, मग लालसरपणा आणि जळजळ होते. साखर, कॉफीचा चोथा, अक्रोडाच्या टरफलाची पूड चेहऱ्यावर घासू नये, ती याचसाठी. वर राहिलेला भरडा कोपर आणि टाचांसाठी ठेवा. शेवटी हळद मिसळून कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि कोरड्याच चमच्याने काढा. दोन-तीन महिने टिकतं. खवट वास आला किंवा पोरकिडे दिसले की टाकून द्या.

वापरताना दीड चमचा पीठ वाटीत घ्या आणि साधारण दोन चमचे ओलं काहीतरी घालून धिरड्याच्या पिठाइतकं सैल करा. कोरड्या त्वचेला ताजी साय किंवा दूध, तेलकट त्वचेला ताजं गोडसर दही किंवा गुलाबपाणी. आंबट झालेलं दही झोंबतं. संवेदनशील त्वचेला नुसतं पाणी घ्या आणि डाळीऐवजी साध्या ओट्सचं वस्त्रगाळ पीठ वापरा. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकल्यावर पाणी दुधाळ झालं तर दळण पुरेसं बारीक आहे.

चेहरा आधी ओला करा. बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलकेच फिरवा आणि वाळू न देता कोमट पाण्याने धुवा. पीठ तेल शोषतं, आणि वाळेपर्यंत ठेवलं तर त्वचेतला ओलावाही ओढून घेतं. भुवया आणि केसांची कड नीट धुवा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटला तर एकदाच वापरा. मेकअप किंवा पाण्यात न उतरणारं सनस्क्रीन यानं निघत नाही, ते आधी क्लीन्झरने काढा.

मुलतानी माती फक्त तेलकट त्वचेसाठी, आठवड्यातून एकदा, ८ ते १० मिनिटं. कडा सुकल्या आणि मधला भाग ओलसर असला की लगेच धुवा. तडे जाईपर्यंत थांबणं चुकीचं.

उटण्यानंतर कोरफडीचा गर लावायचा असेल तर पान कापून १५ मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळू द्या. खाज त्या चिकानं येते. साल आणि पिवळा थर काढून फक्त पारदर्शक गर घ्या.

कालवलेलं उटणं, दही घातलेला लेप, ताजा गर यांतलं काहीही दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. पाणी आलं की जंतू वाढतात, आणि घरी घालायला योग्य संरक्षक द्रव्य नसतं. घरगुती लेपांनी पुरळ येण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

लिंबू आणि खायचा सोडा चेहऱ्यावर अजिबात नको. त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ५च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा साधारण २, तर सोड्याच्या पाण्याचा ८च्या वर. दोन्ही टोकं त्वचेचा वरचा संरक्षक थर बिघडवतात. लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्ट आणि दालचिनीही टाळा. ज्यांना पुरळ येतं, त्यांची छिद्रं खोबरेल तेलानं बुजू शकतात.

पहिल्यांदा लावण्याआधी कालवलेलं थोडं उटणं कोपराच्या आतल्या बाजूला लावून १० मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस वाट पहा. दूध किंवा डाळींची ॲलर्जी असेल तर तो घटक वापरूच नका. पिकलेले फोड, इसब, वाढत जाणारे काळे डाग यांवर घरचे प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उटण्यानं तेल आणि मळ निघतो, त्वचा मऊ लागते. रंग उजळत नाही, आणि उन्हापासून बचावही होत नाही. सनस्क्रीन घरी बनवता येत नाही, ते विकतच आणा.