विद्यार्थ्यांना डिजिटल कौशल्यांचे प्रमाणपत्र देताना या चुका टाळा

शाळांमध्ये डिजिटल कौशल्यांच्या चाचण्या घेण्याचे आणि त्यांसाठी शिक्षकांची तयारी करून घेण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. दरवर्षी संगणक बदलतात, विद्यार्थी बदलतात, चुका मात्र त्याच राहतात.

कृती पाठ करून घेणे

चाचणीची तारीख जवळ आली की जुने प्रश्न बाहेर निघतात आणि कोणत्या टॅबवर जाऊन कितवे बटण दाबायचे, हे विद्यार्थ्यांकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले जाते. या पद्धतीचे फळ मी एका शाळेत परीक्षक असताना पाहिले. विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या नोंदींची स्प्रेडशीट दिली होती आणि सर्वांत आधी परत यायचे पुस्तक कोणते, एवढेच शोधायचे होते. बहुतेकांनी तारखेचा स्तंभ निवडला, चढत्या क्रमाचे बटण दाबले आणि पहिल्या ओळीतील पुस्तकाचे नाव लिहून टाकले. प्रत्येक कृती बिनचूक होती, उत्तर मात्र चुकीचे होते. कारण त्या स्तंभातील तारखा संगणकाच्या दृष्टीने तारखा नव्हत्याच, तो नुसता मजकूर होता. मजकुराचा क्रम लावताना संगणक डावीकडून एकेक अक्षर पाहत जातो, त्यामुळे एकाच वर्षातील ०३/१२ ही नोंद १५/०१ या नोंदीच्या वर जाऊन बसते.

एका मुलीने हात वर करून विचारले, “सर, जानेवारीच्या आधी डिसेंबर कसा आला?” तिला त्या तारखा दुरुस्त करता आल्या नाहीत आणि वेळ संपला. गुण कृतींना होते, त्यामुळे तिला वर्गात सर्वांत कमी गुण मिळाले. ती गुणविभागणी मीच मंजूर केली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

तेव्हापासून सरावाच्या प्रत्येक फाइलमध्ये मी तीन खोड्या करून ठेवतो: एखादी तारीख मजकूर म्हणून, एखाद्या नावाच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा आणि दोनदा आलेली एक ओळ. त्या कोठे आहेत, हे मी सांगत नाही. स्तंभाची मांडणी कोणी बदललेली नसेल, तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकते आणि मजकूर डावीकडे. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी सहसा विसरत नाही. शिवाय दर आठवड्याला मी स्प्रेडशीटचा प्रोग्राम बदलतो, म्हणजे बटणाची जागा पाठ करण्यात कोणाला रस उरत नाही. यात वेळ जातो, अशी तक्रार येते. पंधरा दिवसांत सगळे उरकून देता येईल का, असे विचारणाऱ्यांना मी नाही असेच उत्तर देतो.

चाचणीच्या दिवशी खाती उघडणे

ऑनलाइन चाचणीत निम्मा गोंधळ लॉगइनचाच असतो. सोय म्हणून शिक्षक सर्वांना एकच पासवर्ड देतात, मग शेजाऱ्याचे खाते उघडले जाते आणि एकाची उत्तरे दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. उत्तरे पाहून पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवणाऱ्या चाचणीत तर ही सरमिसळ नंतर सोडवताच येत नाही. चाचणीच्या किमान दोन आठवडे आधी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः लॉगइन करावे, पासवर्ड बदलावा, बाहेर पडावे आणि ‘पासवर्ड विसरलो’ हा मार्ग वापरून पुन्हा आत यावे, असा माझा आग्रह असतो. पासवर्ड परत मिळवता येणे हे मला आलेख काढण्यापेक्षा महत्त्वाचे कौशल्य वाटते. प्रमाणपत्रावर छापले जाणारे नावही याच वेळी विद्यार्थ्याकडून तपासून घ्यावे.

इतर चुका

मुलांच्या हातात सतत मोबाइल असतो, म्हणून त्यांना हे सगळे येतच असेल, असे समजू नये. आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक व माहिती साक्षरता तपासणाऱ्या ‘आयसीआयएलएस’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत २०१८ मध्ये सर्वोच्च पातळी गाठणाऱ्यांचे सरासरी प्रमाण अवघे २ टक्के होते. बोट सराईतपणे फिरवणारा विद्यार्थी आपली फाइल कोणत्या फोल्डरमध्ये गेली, हे सांगू शकत नाही, असे मी नेहमी पाहतो.

युरोपीय आयोगाच्या ‘डिजकॉम्प’ या आराखड्यात २०१३ पासून कौशल्यांची पाच क्षेत्रे मांडलेली आहेत: माहिती, संवाद, आशयनिर्मिती, सुरक्षितता आणि समस्या सोडवणे. शाळा मात्र तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे सादरीकरणाच्या रंगीत स्लाइडमध्ये, वर्ष घालवतात. त्याच आराखड्याच्या २०१७ च्या आवृत्तीत आठ पातळ्या आहेत, तरीही अनेक प्रमाणपत्रांवर सर्वांसाठी ‘उत्तीर्ण’ हा एकच शब्द असतो. क्षेत्रानुसार पातळी लिहावी. तेवढी जागा कागदावर असते.

गटाने केलेल्या कामावर प्रत्येकाला प्रमाणपत्र देऊ नये. माउस कोणाच्या हातात होता, हे आधी विचारावे.

सर्व भार संगणकाच्या शिक्षकांवर टाकू नये; इंटरनेटवरील माहितीचा मूळ स्रोत शोधायला इतिहासाचा तास अधिक योग्य आहे.

अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका देणे ही घाईची चूक आहे. मी कौशल्य तेच ठेवतो आणि आकडे, नावे व फाइलचा प्रकार बदलतो, आणि मधे किमान तीन आठवडे जाऊ देतो.