माठ घेताना आणि वापरताना

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी चांगले गार होते, कारण तुलनेने कमी तापमानाला भाजलेली माती सच्छिद्र राहते, तिच्यातून पाणी पाझरते आणि बाहेरच्या कोरड्या हवेत त्याचे बाष्पीभवन होताना आतल्या पाण्याची उष्णता निघून जाते. म्हणूनच बाहेरून ऑइल पेंटने रंगवलेला माठ, दिसायला कितीही देखणा असला तरी, घेऊ नये. रंगाने छिद्रे बुजतात.

विकत घेताना रिकामा माठ बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असण्याची शक्यता असते. घरी आणल्यावर तो दिवसभर पाण्याने भरून ठेवावा आणि ते पाणी टाकून द्यावे.

बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत काही आठवड्यांनी माठाच्या अंगावर पांढरा खार फुटतो व गारवा कमी होतो. अशा वेळी नारळाच्या शेंडीने माठ बाहेरून घासावा, मात्र साबण लावू नये, कारण तो मातीत मुरतो.

लोणच्यासाठी मात्र साधे मातीचे भांडे चालत नाही, कारण मीठ, तेल आणि आंबट रस त्यात झिरपतात. तिथे उच्च तापमानाला भाजलेली, आतून अखंड चकाकी असलेली चिनी मातीची बरणीच घ्यावी. सजावटीच्या स्वस्त, भडक रंगांच्या भांड्यांच्या चकाकीत शिसे असू शकते, त्यामुळे त्यांत आंबट पदार्थ ठेवू नयेत.