जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा हातात आलाय? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी माझ्याकडे पिशवीतून मीडियम फॉरमॅट कॅमेरा, म्हणजे १२० च्या रुंद रोलवर मोठी निगेटिव्ह काढणारा, घेऊन येतं. आजोबांचा असतो, नाहीतर चोर बाजारातून उचललेला, बहुतेक वेळा याशिका मॅट १२४जी, क्वचित रोलायकॉर्ड. आणि वाक्य ठरलेलं असतं, ताई शटर अडकत होतं म्हणून थोडं तेल सोडलं. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

याशिका, रोलायफ्लेक्स, मामिया सी३३०, या सगळ्यांचं शटर लेन्सच्या पोटात असतं, अगदी पातळ पोलादी पाती. ही पाती कोरडीच चालतात. स्लो स्पीड अडकतात त्यात पात्यांचा बहुतेक वेळा काही दोष नसतो, बाजूला घड्याळासारखी छोटी दातेरी चाकं असतात, १ सेकंद, १/२, १/४ हे वेळ ती मोजतात आणि त्यांच्यातलं पन्नास वर्षांचं ग्रीस सुकून गोंद झालेलं असतं. तुम्ही वरून सोडलेलं तेल त्या चाकांपर्यंत पोचो न पोचो, पात्यांवर मात्र पसरतंच, आणि दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी पाती चिकटतात.

गेल्या वर्षी साताऱ्याहून एक मुलगा आला होता. आजोबांचा स्टुडिओ होता त्यांच्या, कॅमेरा तिथलाच. १/३० च्या खाली शटर उघडंच राहायचं. त्याने कुठेतरी व्हिडिओ बघितला, पुढची काच फिरवून काढली आणि शिलाई मशीनचं तेल इंजेक्शनच्या सुईने आत सोडलं. दोन दिवस शटर लोण्यासारखं चाललं, म्हणून हा खूश होऊन वारीला गेला, दिवे घाटात पालखी चढताना तीन रोल काढले, छत्तीस फोटो. घरी डेव्हलप केले तर तिन्ही रोल काळेकुट्ट, कारण १/२५० वर लावलेलं शटर प्रत्यक्षात किती तरी वेळ उघडं राहात होतं. माझ्याकडे आला तेव्हा तेल अपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर पोचलं होतं आणि मागच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसलं होतं. चार संध्याकाळी गेल्या मला. घड्याळवाले वापरतात ते पांढरं पेट्रोल, कापूस, पुसायचं, वाळू द्यायचं, शटर चालवायचं, परत पुसायचं. कॅमेरा वाचला. पण ती पालखी गेली ती गेली, आणि त्या रोलवर त्याच्या आजीचाही फोटो होता.

मी काय करते सांगते. स्लो शटर असेल तर आधी कॅमेरा दोन-तीन तास कोमट, कोरड्या जागी ठेवते, मग रिकामाच १ सेकंदावर पन्नास-साठ वेळा चालवते आणि कान देऊन ऐकते. घर्रर्र असा एकसारखा आवाज आला तर ठीक, मध्येच दम तोडला तर मेकॅनिककडे. आणि तोपर्यंत १/६० च्या वरचे स्पीड वापरायला कोणी अडवलंय? घाई असलेल्यांना हे सांगितलं की तोंड वाकडं होतं, पण मशीनपेक्षा आपली घाई मोठी नाही.

याच घाईचा दुसरा प्रकार, जोर लावणं. जुन्या काँपुर रॅपिड शटरमध्ये सगळ्यात वरच्या स्पीडसाठी वेगळी जादा स्प्रिंग असते, म्हणून १/५०० लावायचा तर शटर कॉक करायच्या, म्हणजे स्प्रिंग ताणून तयार करायच्या, आधी लावायचा, नंतर डायल ढकलायचं नाही. हॅसलब्लाड ५०० सीएम असेल तर लेन्स आणि बॉडी दोन्ही कॉक असल्याशिवाय लेन्स काढू-लावू नका. सेल्फ टायमरला तर मी हातच लावत नाही. काहीही अडकलं की थांबायचं, एवढंच.

आता बुरशी. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, जून ते सप्टेंबर. लोक प्रेमाने कॅमेरा त्याच्या मूळ चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवतात आणि दिवाळीला उघडतात तेव्हा लेन्समध्ये कोळ्याचं जाळं. चामडं ओल धरून ठेवतं, ती केस म्हणजे बुरशीचं माहेर. बुरशी वेळेत पुसली तर जाते पण जास्त राहिली तर काचेवरचं कोटिंग खाते, मग काच साफ झाली तरी डाग राहतो. डांबरगोळ्या टाकू नका, तांदळात पुरू नका (पीठ आत जातं, मी काढलंय). माझ्याकडे रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४५-५० च्या आसपास. जेल निळ्याचं गुलाबी झालं की सुकवून परत आत. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे वापर, पावसाळ्यात दर रविवारी डबा उघडून प्रत्येक शटर सगळ्या स्पीडवर फिरवते.

बाकीच्या पटकन सांगते. रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये फिल्मच्या सुरुवातीची कागदाची पट्टी खालच्या दोन रोलरच्या मधून न्यायची असते, वरून नेली तर काउंटर सुरूच होत नाही आणि अख्खा रोल सरळ गुंडाळला जातो. याशिका १२४जीची मागची प्लेट १२ वर आहे ना बघा, ती नेहमीच्या १२० फिल्मची, २४ ही दुप्पट लांब २२० फिल्मची. आरसा कपड्याने पुसू नका, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो, फक्त ब्लोअर. ज्या कॅमेऱ्यात फोटोचा नंबर बघायला मागे लाल खिडकी असते त्यात खिडकीवर काळी टेप, कारण आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल उजेडही पकडते. रोल सावलीत भरा आणि सावलीतच काढा. मीटरसाठी मूळ १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, १.५ चा घातला की मीटर उजेड जास्त दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ येते. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ चा असतो, भोवती रिंग घालून तो बसवा.

एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राच्या, लेन्सकडे तर कोणी बघतच नाही. कॅमेऱ्याची काच जिवापाड जपतात आणि हायपोचे, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचे, ओले हात एन्लार्जरच्या अपर्चर रिंगला लावतात, ते क्षार आत जाऊन धातू खातात. हात धुवा, पुसा, मग लेन्स. ६ बाय ६ सेंमीच्या निगेटिव्हला ७५ किंवा ८० मिमीची लेन्स लागते, ३५ मिमी फिल्मसाठीची ५० मिमीची लावली तर कोपरे काळवंडतात. अपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोकस, मग दोन स्टॉप (दोन टप्पे) खाली, बहुधा एफ ८ किंवा ११. २२ वर नेऊन प्रिंट शार्प होत नाही, उलट मऊ पडते. दिवा दोन-तीन मिनिटं चालू ठेवून मग फोकस करा, कारण गरम झाल्यावर निगेटिव्ह फुगते आणि फोकस हलतो.

लेन्स खराब आहे असा निकाल देण्यापूर्वी टॉर्च आत मारून बघा, धुकं आहे का. नसेल तर एन्लार्जर तपासा. ओळखीतल्या एकाने प्रिंटचा डावा कोपरा मऊ येतो म्हणून दोन लेन्स विकून तिसरी घेतली, तिसऱ्यातही डावा कोपरा मऊच. मी जाऊन बघितलं तर एन्लार्जरचं डोकंच कललेलं होतं. मी दर महिन्याला बेसबोर्ड, निगेटिव्ह कॅरिअर आणि लेन्सबोर्ड तिन्हीवर पाणसळ ठेवून बघते आणि फोकसरने (फोकस बघायच्या भिंगाने) चारही कोपऱ्यांतला ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, तपासते, दहा मिनिटांचं काम आहे.