एमजीबीचं इंजिन खोलायच्या आधी वाचा, म्हणजे पुन्हा खोलावं लागणार नाही

माझी १९७१ची एमजीबी आहे, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इथेच इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली, आणि मी राहतो तिथून तो गाव फार लांब नाही. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ह्या कंपनीचं बी-सिरीज. हे नाव ऐकून काही आठवलं का? आपल्याकडच्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते ह्याच घराण्यातलं, त्यामुळे बाबांच्या गाडीशेजारी उभं राहून ज्यांनी मिस्त्रीला पाने दिलेत त्यांना बॉनेट उघडल्यावर सगळं ओळखीचंच वाटेल.

आता पहिली गोष्ट, धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उतरवायला धावू नका. आधी कॉम्प्रेशन बघा, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. तब्येतीत असलेलं इंजिन १६० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) आसपास दाखवतं, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलाय, नाही चढला तर वॉल्व नाहीतर हेड गॅस्केट, आणि मग नुसतं हेड उतरवून भागतं, अख्खं इंजिन कशाला काढायचं. ऑइल प्रेशरही बघा. गरम इंजिनावर चालताना ५० ते ८० पीएसआय पाहिजे, आयडलला १० ते २५ चालतं. चालत्या गाडीत ३० च्या वर जात नसेल आणि खालून ठोक ठोक आवाज येत असेल तर बेअरिंगचं काम निघालं समजा.

उतरवायचंच ठरलं तर भाड्याने क्रेन आणा, हे इंजिन दीडशे किलोच्या वर आहे, दोन मित्र आणि एक दोरखंड ही कल्पना सोडून द्या. मी गिअरबॉक्ससकट काढतो, कारण परत बसवताना क्लचच्या मधोमध गिअरबॉक्सचा शाफ्ट घुसवायची कसरत गाडीच्या आत वाकून करण्यापेक्षा बाहेर जमिनीवर केलेली बरी. काढताना प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा, फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. हे सगळे सांगतात आणि तिसऱ्या दिवशी सगळे कंटाळतात, मी पण कंटाळलो होतो आणि नंतर दोन बोल्ट कुठले ते शोधण्यात अख्खा रविवार गेला.

एक गंमत लक्षात ठेवा, ह्या इंजिनात रॉकर शाफ्टचे (वॉल्व दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांडीचे) पाय हेडच्याच स्टडवर बसलेले असतात. म्हणजे नुसता रॉकर काढायचा म्हटलं तरी हेडचे सगळे ११ नट थोडे थोडे करून सैल करावे लागतात आणि त्याआधी रेडिएटरचं पाणी सोडावं लागतं. नुसते रॉकरचे चार नट सैल करून ओढाल तर हेडला पीळ बसतो. मेन बेअरिंगच्या (ज्यात क्रँकशाफ्ट फिरतो) आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप जिथल्या तिथेच परत बसल्या पाहिजेत, नंबर नसतील तर पंचने खुणा करा. अदलाबदल केली तर नवीन बेअरिंगही टिकणार नाही.

आता खरं काम, म्हणजे मोजणं. बोअरच्या वरच्या टोकाशी नख फिरवून बघा, पायरी लागली तर झीज आहे. बोअर गेजने वर, मधे, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजा, कारण बोअर गोल न राहता अंडाकृती होतो. वरखालचा फरक आठ-दहा थाउ निघाला (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, लेथवाले असंच बोलतात) तर रिंगा बदलून काही होत नाही, बोअर करायचाच. ओव्हरसाइज पिस्टन २०, ३०, ४० आणि ६० थाउचे मिळतात. पण पिस्टन आधी घ्या आणि ते हातात देऊन मगच ब्लॉक बोअरिंगला द्या, कारण मशीनवाल्याने तो पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायचा असतो, डब्यावरच्या साइजवर विश्वास ठेवून नाही. क्रँकचं पण तसंच, घासला की त्या मापाची बेअरिंग.

हेड देताना दोन गोष्टी सांगा. एक, मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून जातो, तिथे उष्णता साठते आणि वॉल्वच्या सीटांच्या मधे तडा जातो, तर क्रॅक टेस्ट करा. दोन, ब्रिटनमध्ये २००० पासून लेडवालं पेट्रोल बंद झालंय, त्यामुळे एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या, नाहीतर सीट हळूहळू झिजत आत जाते आणि टॅपेटचं अंतर (वॉल्व आणि रॉकरमधली फट) सारखं कमी होत राहतं.

सामान परत आलं की लगेच जोडायला बसू नका!! माझ्या पहिल्या इंजिनात मी हेच केलं, ब्लॉक चकचकीत दिसत होता म्हणून बसवला, आणि ऑइलच्या वाटेत राहिलेल्या लोखंडाच्या चुऱ्याने नव्या बेअरिंगवर रेघा ओढल्या. गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढा, लांब ब्रश घाला, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण लावून धुवा, हवेने वाळवा आणि ताबडतोब बोअरला ऑइल लावा, कारण उघड्या लोखंडावर काही मिनिटांत गंज धरतो. क्रँकची भोकंही तशीच साफ करा. पांढऱ्या फडक्याने बोअर पुसल्यावर फडकं पांढरंच राहिलं पाहिजे, तोपर्यंत पुसत राहा.

जोडणी तशी सोपी. मेन कॅप ७० पौंड-फूट, टॉर्क पाना घेऊन दोन-तीन टप्प्यांत, आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा, अडकला तर तिथेच थांबा. रिंग आधी एकटी बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने गॅप बघा, ह्या बोअरला साधारण १२ थाउच्या खाली नको. पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ढकलायचा, मधेच थांबला तर ठोकू नका, रिंग कॉम्प्रेसरमधून सुटली असणार. कॅमशाफ्ट नवीन तर टॅपेटही (कॅमवर बसणारे दट्टे) नवीनच. हेडचे नट पुस्तकातल्या क्रमाने ४५ ते ५० पौंड-फूट. बाजूच्या टॅपेट कव्हरचे बोल्ट मात्र जोरात आवळू नका, पॅकिंग दबतं आणि तिथूनच ऑइल गळतं.

टॅपेट सेटिंगला नऊचा हिशोब. वॉल्व आठ, बेरीज नऊ. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सातवा दाबलेला असताना दुसरा. थंड इंजिनावर १५ थाउ.

पहिल्यांदा सुरू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टर फिरवा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू५०, झिंक असलेलं, सिंथेटिक आत्ता नको. मग स्टार्ट झालं की आयडलवर सोडू नका, नव्या कॅमसाठी २०००-२५०० आरपीएमवर वीस मिनिटं, शेजारी रागावले तरी चालेल. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालंय, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, तर नळ्या बदला किंवा ई५ वापरा.

पहिले ५०० मैल ताणू नका, पण अगदी हळूही चालवू नका, थोडा भार पडल्याशिवाय रिंगा बसत नाहीत. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, हेड थंड असताना परत टॉर्क करा आणि टॅपेट पुन्हा बघा, कारण हेड आवळलं की ते अंतर बदलतं.