ताईची शाळा कितव्या नंबरावर टाकायची? न्यूयॉर्कच्या केजी अर्जात भावंडांचं प्राधान्य असं चालतं

धाकट्याचा केजीचा अर्ज भरायला बसलं की न्यूयॉर्कमधल्या बहुतेक मराठी घरांत हा प्रश्न निघतोच: "ताईची शाळा पहिली टाकली नाही तर सिब्लिंगचा हक्क जाईल का?" नाही जात. भीती कुठून येते तेही कळतं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की घ्यावंच लागतं, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. इथलं गणित वेगळं आहे.

आधी दोन शब्द वेगळे ठेवा. पसंतीक्रम तुम्ही लावता. अर्जात 12 पर्यंत शाळा टाकता येतात. प्राधान्य शाळेच्या नियमांनी ठरतं आणि तुम्ही ती शाळा पहिली टाकलीत की नववी, यावर ते अजिबात अवलंबून नसतं. जागा वाटताना संगणक प्रत्येक शाळेपुढे मुलांचे गट करतो. झोन्ड शाळेत, म्हणजे आसपासचा ठरावीक परिसर (झोन) नेमून दिलेल्या शाळेत, सगळ्यात आधी येतात झोनमधली अशी मुलं, ज्यांचं भावंड त्या शाळेत आहे. मग झोनमधली बाकीची मुलं, त्यानंतर झोनबाहेरची पण भावंड असलेली, आणि मग उरलेले. लॉटरी लागते ती एकाच गटातल्या मुलांमध्ये. त्यासाठी प्रत्येक मुलाला आकडे-अक्षरं मिसळलेला 32 चिन्हांचा एक नंबर मिळतो. सुरुवात 0 ने झाली तर नशीब, 'एफ' ने झाली तर रांगेचं शेपूट. पण तुमच्या बाळ्याचा नंबर 'ई' ने सुरू होत असला, तरी तो झोनमधला आणि ताई शाळेत असेल, तर शेजारच्या एकुलत्या एक मुलीच्या 0 च्या पुढेच त्याचा विचार होतो.

आता कामाला लागा. सगळ्यात आधी ताईची सप्टेंबरमधली इयत्ता बघा. इथेच सर्वांत जास्त घरं फसतात. मोठं भावंड येत्या सप्टेंबरमध्ये त्या शाळेत केजी ते पाचवीत असायला हवं. ताई आज पाचवीत असेल तर सप्टेंबरमध्ये सहावीत जाणार, म्हणजे प्राधान्य संपलं. आमच्या ओळखीतल्या एका घराने हे निकाल लागल्यावर वाचलं. अर्ज भरताना आईबाबा दोघंही निर्धास्त होते, कारण मुलगी रोज त्याच फाटकातून आत जात होती.

मग पत्ता बघा. भाड्याचं घर बदललं, दोन गल्ल्या पलीकडे गेलात आणि झोन बदलला, तर ताईला त्याच शाळेत राहता येतं. धाकटा मात्र झोनबाहेरचं भावंड ठरतो, म्हणजे झोनमधल्या सगळ्या मुलांच्या मागे. वर्ग लहान असेल तर हा फरक जीवघेणा ठरतो. घर शोधताना भाड्याइतकाच झोनचा नकाशा बघा, असं मी सांगते ते याचसाठी.

तिसरं काम साधं आहे. मायस्कूल्स या शाळाप्रवेशाच्या वेबसाइटवरच्या अर्जात भावंडाची माहिती नीट भरा. शाळेला आपोआप कळेल असं गृहीत धरू नका, आणि नावाचं स्पेलिंग दोघांच्या कागदपत्रांत जुळतंय ना, तेही बघा. एकाच घरात राहणारी सावत्र भावंडं आणि फॉस्टर (घरात सांभाळायला ठेवलेली) भावंडंही धरली जातात. आपल्याकडे चुलतभाऊही भाऊच, पण या अर्जात त्याचा उपयोग नाही.

आता यादी. ताईच्या शाळेच्या वर फक्त अशाच शाळा ठेवा, जिथे जागा मिळाली तर दोन मुलांना दोन दिशांना सोडायला तुम्ही खरंच तयार आहात. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि जिथे सगळ्यात वरची जागा निघते ती देतो. समजा दूरची एक शाळा पहिली, ताईची दुसरी. पहिलीत जागा नसेल, तर ताईच्या शाळेत तुमचं प्राधान्य तसूभरही कमी होत नाही. पण पहिलीत जागा निघाली, तर तीच मिळणार. मग सकाळी 8 च्या सुमारास एकाला बसस्टॉपवर आणि दुसरीला विरुद्ध टोकाला पोचवायची कसरत, दोन वेगळ्या पालकसभा, दोन वेगळी स्नेहसंमेलनं. हे डिसेंबरात सोफ्यावर बसून ठरवू नका. एकदा सकाळी प्रत्यक्ष दोन्ही शाळांपर्यंत चालून बघा आणि मग क्रम लावा.

ताईच्या शाळेखालीही दोन-चार शाळा टाकाच. भावंडाचं प्राधान्य म्हणजे हमी नव्हे.

पूर्वी बॉस्टनमध्ये खरोखर पहिल्या पसंतीला जास्त वजन होतं, त्यामुळे पालक मनातली शाळा सोडून 'मिळणारी' शाळा वर टाकायचे. 2005 मध्ये तिथे पद्धत बदलली. ज्या गणितावर नवी पद्धत उभी आहे, ते गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 1962 मध्ये मांडलं होतं. न्यूयॉर्कही त्याच घराण्यातलं, तेव्हा इथे डावपेच लढवण्यात अर्थ नाही.

जुळ्यांचे दोन स्वतंत्र अर्ज भरावे लागतात. चार्टर शाळांचा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) अर्ज वेगळा आणि लॉटरीही वेगळी. भावंडांना तिथेही झुकतं माप असतं, पण मायस्कूल्सच्या यादीचा तिच्याशी संबंध नाही. आणि धाकटा त्याच शाळेत प्री-केला, म्हणजे केजीच्या आधीच्या वर्गाला, जात असला, तरी केजीसाठी नव्याने अर्ज करावाच लागतो.

निकालात ताईची शाळा हुकली तर लगेच खचू नका. यादीत मिळालेल्या शाळेच्या वर ज्या होत्या, त्यांच्या वेटलिस्टवर नाव आपोआप लागतं आणि वेटलिस्टही प्राधान्यानेच लावलेली असते. मिळालेली जागा मात्र मुदतीत स्वीकारून ठेवा. तिने वेटलिस्टवरचं नाव जात नाही. मग ताईच्या शाळेच्या ऑफिसात जा आणि भावंडाची नोंद त्यांच्याकडे दिसते का, एवढंच विचारून या.