प्राचीन पर्वत आणि तरुण पृथ्वी : वाचताना-लिहिताना या चुका टाळा

‘जगातला सर्वांत जुना पर्वत कोणता?’ हा प्रश्न विचारला की बहुतेक जण नकाशावर उंच शिखरं शोधू लागतात. पहिली चूक इथेच होते. दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा पर्वत आज पर्वत म्हणून उभा नसतो. कॅनडाच्या उत्तरेकडच्या खडकाळ, तळ्यांनी भरलेल्या सपाट प्रदेशातून १९० ते १८० कोटी वर्षांपूर्वी ट्रान्स-हडसन नावाची मोठी पर्वतरांग गेली होती. आज तिथे चढायला काहीच नाही. पण जमिनीवर उघडे पडलेले खडक एके काळी कित्येक किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली आणि तापमानात रूपांतरित झालेले आहेत. तेवढ्या खोलीवरचा खडक आज पायाखाली येतो, याचा अर्थ त्याच्यावरचं सगळं ओझं झिजून गेलं आहे.

उंचीवरून हिशेब केला की आणखी एक गोष्ट निसटते. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाच्या ओढीने ओळंबा जितका कलायला हवा होता, त्याच्या साधारण एक तृतीयांशच कललेला आढळला. १८५० च्या दशकात प्रॅट आणि एअरी या ब्रिटिश अभ्यासकांनी याची दोन वेगवेगळी स्पष्टीकरणं दिली. एअरी यांचं म्हणणं असं की, पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असतं आणि पर्वत त्या मुळाच्या आधारावर भूकवचाखालच्या जड थरावर, म्हणजे प्रावरणावर, तरंगतो. म्हणूनच वरचा एक किलोमीटर झिजला तर खालून सुमारे आठशे मीटर वर उचलले जातात. पर्वताची उंची पाच किलोमीटरने घटायची तर पंचवीस-तीस किलोमीटर जाडीचा खडक निघून जावा लागतो.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. हवा, समुद्र आणि सजीवांवर पर्वताचा जो परिणाम झाला, तो शिखरापेक्षा या निघून गेलेल्या खडकाने जास्त केला. तुमच्या लेखात किंवा धड्यात ‘पर्वत किती उंच होते’ यावर दोन परिच्छेद आणि ‘त्यांचा गाळ कुठे गेला’ यावर एकच ओळ असेल, तर प्रमाण उलटं करा.

झिरकॉनच्या कणाला न विचारलेलं वदवू नका

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथे सापडलेला झिरकॉन या टिकाऊ खनिजाचा कण ४४० कोटी वर्षांचा आहे. त्यावरून ‘तेव्हापासून पृथ्वीवर डोंगर होते’ असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. झिरकॉन आपल्याला शिलारसातून त्याचा स्फटिक कधी तयार झाला हे सांगतो. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) पृष्ठभागाजवळच्या खडकाचा द्रवरूप पाण्याशी संबंध आला होता असा अंदाज बांधता येतो. उंचीबद्दल तो काही बोलत नाही. शिवाय हे कण ज्या खडकात सापडले, तो गोटे आणि वाळू साचून बनलेला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कणाचं वय आणि त्याला पोटात घेतलेल्या गाळाचं वय यांत इथे तब्बल १४० कोटी वर्षांचं अंतर आहे. ही दोन वयं कायम वेगळी लिहा.

मग उंचीचा अंदाज येतो कुठून? उंच पर्वताखाली भूकवच जाड असतं. ते खूप जाड झालं की खोलवर गार्नेट हे खनिज तयार होतं आणि ते ल्युटेशियम हे मूलद्रव्य स्वतःकडे ओढून घेतं. त्याच्या शेजारी वाढणाऱ्या झिरकॉनच्या वाट्याला ल्युटेशियम कमी येतं. असे ल्युटेशियम कमी असलेले कण मुख्यतः दोन काळांत मोठ्या प्रमाणावर आढळतात : २०० ते १८० कोटी आणि ६५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये यावरून हजारो किलोमीटर लांबीच्या दोन ‘महापर्वतां’ची मांडणी केली. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने झिरकॉनमधल्या युरोपियम या मूलद्रव्यावरून मधल्या काळात भूकवच पातळ होतं असं सुचवलं होतं.

इथे घाई करू नका. ‘मधली शंभर कोटी वर्षं पर्वत नव्हते’ हे वाक्य चूकच आहे, कारण साधारण ११० ते १०० कोटी वर्षांपूर्वी ग्रेनव्हिल ही प्रचंड पर्वतरांग घडली आणि तिची मुळं आजही उत्तर अमेरिकेत दिसतात. झिरकॉनच्या नोंदीत टिकून राहण्याचा पक्षपातही असतो. खंडांच्या टकरीत तयार झालेले खडक जास्त टिकतात. समुद्राच्या कडेला तयार झालेले पुष्कळसे पुन्हा पृथ्वीच्या पोटात ओढले जातात.

‘पर्वत उभे राहिले, म्हणून पृथ्वी थंड झाली’

हे वाक्य अर्धवट आहे, आणि त्यातला उरलेला अर्धा भाग फार सुंदर आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनतं. ते ग्रॅनाइट, बेसॉल्ट यांसारख्या सिलिकेट खडकाचं विदारण करतं, म्हणजे त्याला रासायनिकरीत्या झिजवतं, सुटं झालेलं कॅल्शियम नद्यांतून समुद्रात जातं आणि तिथे चुनखडी साचते. हवेतला कार्बन असा दगडात बंद होतो. पण इथे कोणता खडक झिजतो आहे हे आधी तपासा. चुनखडीच झिजत असेल तर दीर्घ काळाच्या हिशेबात हाती काहीच लागत नाही. विरघळताना घेतलेला कार्बन पुन्हा चुनखडी बनताना परत सुटतो.

दुसरी तपासणी साध्या बेरीज-वजाबाकीची आहे. ज्वालामुखी जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याहून जास्त विदारणाने सतत काढला गेला, तर काही दशलक्ष वर्षांतच हवा रिकामी होईल. तसं झालं नाही. वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये याचं कारण मांडलं : हवा थंड झाली की विदारण मंदावतं आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठू लागतो. म्हणजे पर्वत जमाखर्च कायमचा बिघडवत नाहीत. ताजा, फुटका खडक सतत उघडा पडत असल्यामुळे तेवढंच विदारण कमी कार्बन डायऑक्साइडवर आणि कमी तापमानावर साधतं. समतोल टिकतो, पण तो खालच्या पातळीवर येतो. ‘पर्वतांनी कार्बन गिळला’ असं लिहिण्याऐवजी ‘पर्वतांमुळे समतोलाची पातळी बदलली’ असं लिहिलं, तर पुढचे अर्धे गोंधळ आपोआप मिटतात.

आणि पर्वत कार्बन सोडतातही. जुन्या गाळाच्या खडकांत अडकलेला सेंद्रिय कार्बन उघडा पडून ऑक्सिजनशी संयोग पावतो. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापासून हवेतल्या ऑक्सिजनमुळे बनलेलं सल्फ्युरिक आम्ल चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतं.

आजच्या हिमालयाचं चित्र उचलून आर्कियन काळावर (४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वी) चिकटवण्याची चूकही इथेच पकडता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या २९० ते २७० कोटी वर्षांपूर्वीच्या नदीगाळात पायराइटचे आणि युरेनियमच्या खनिजाचे घासून गोल झालेले कण आहेत. आजच्या हवेत हे कण नदीतून वाहताना टिकलेच नसते. ते टिकले, कारण हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. म्हणजे वर सांगितलेल्या पायराइटच्या आम्लाची वाट त्या काळी बंदच होती. सूर्यही आजच्यापेक्षा सुमारे वीस टक्के मंद होता. जमिनीवर वनस्पती यायला अजून दोनशे कोटींहून जास्त वर्षं होती. ना मुळं, ना आजच्यासारखी माती. भूकवच जास्त उष्ण आणि मऊ असल्याने फार उंच पर्वताचा भार त्याला पेलवत नसावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तरी उंचसखलपणा होता. दक्षिण आफ्रिकेतल्याच बार्बर्टनच्या मूडीज खडकांत सुमारे ३२२ कोटी वर्षांपूर्वीचे गोलसर गोटे, नदीची वाळू आणि भरती-ओहोटीच्या खुणा आहेत. तो गाळ साचत होता तेव्हाच शेजारची जमीन दाबली जाऊन उचलली जात होती.

ऑक्सिजनच्या साखळीतली गळलेली कडी

‘पर्वत झिजले, सजीवांना पोषक असा फॉस्फरस समुद्रात गेला, सूक्ष्मजीव वाढले, ऑक्सिजन वाढला.’ ही साखळी वाचायला सोपी आहे, पण तिच्यात एक कडी नाही. प्रकाशसंश्लेषणाने दिलेला ऑक्सिजन तेच सजीव कुजताना जवळजवळ सगळा परत खर्च होतो. काही अंश कुजण्याआधीच गाळाखाली गाडला गेला, तर तेवढाच ऑक्सिजन हवेत शिल्लक राहतो. गाडायला गाळ लागतो आणि तो पर्वत पुरवतात. आज गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ बंगालच्या उपसागरात सुमारे तीन हजार किलोमीटर पसरला आहे, आणि त्याच्यासोबत सेंद्रिय कार्बनही गाडला जातो आहे. पर्वत खाऊ घालतात आणि पुरतातही. दोन्ही कामं लिहा.

क्रमही तपासा. हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा ठळकपणे वाढला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. पहिला ‘महापर्वत’ त्यानंतरचा आहे, तेव्हा त्याला या वाढीचं कारण म्हणता येत नाही. दुसऱ्याचा काळ मोठ्या आकाराच्या प्राण्यांच्या उदयाशी जुळतो. ते जुळणं लक्षवेधी आहे, पण निव्वळ काळ जुळला म्हणजे कारण सापडलं असं नाही.

आकडे मराठीत आणताना होणारी चूक तर रोजची आहे : एक मिलियन म्हणजे दहा लाख, आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ५४० मिलियन वर्षं म्हणजे ५४ कोटी, ५४० कोटी नव्हे. पृथ्वीचं वयच सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे, त्यामुळे त्याहून मोठा आकडा दिसला की थांबा.

शेवटची चूक बाणाच्या दिशेची. पर्वतांनी जीवसृष्टीवर परिणाम केला, एवढंच आपण लिहितो. २०२१ मध्ये मांडलेल्या एका विचारानुसार, सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी सूक्ष्मजीवांचे अवशेष भरपूर साचले आणि खडक दाबले गेल्यावर त्यांचं ग्रॅफाइट झालं. ग्रॅफाइट निसरडं असतं. खडकांचे प्रचंड थर त्यावरून सरकत एकमेकांवर चढले आणि पर्वत रचणं सोपं झालं. त्या काळच्या पर्वतरांगांच्या मुळांत, थर जिथे सरकले नेमक्या त्या पातळ्यांवर, हे काळं ग्रॅफाइट आजही सापडतं.